धाप आणि उसंत

काही सेकंद किंवा काही मिनिटे झेपेल तेवढा जोर लावायचा, मग थोडी उसंत घ्यायची आणि दम पुरता खाली बसण्याआधीच पुन्हा जोर लावायचा, अशा आळीपाळीच्या व्यायामाला हाय-इंटेन्सिटी इंटर्व्हल ट्रेनिंग म्हणतात. व्यायामशाळांमध्ये आद्याक्षरांवरून ‘हिट’ हे नाव रुळले आहे. मराठीत त्याला तीव्र अंतराल व्यायाम म्हणता येईल. जोराची फेरी २० सेकंदांची असते किंवा ४ मिनिटांचीही असते. सायकल, धावणे, पोहणे, जिना चढणे यांपैकी काहीही चालते. बहुतेक पद्धतींत हृदयाचे ठोके त्या व्यक्तीच्या कमाल ठोक्यांच्या ८५ ते ९५ टक्क्यांपर्यंत न्यायचे असतात. ढोबळ मानाने २२० मधून वय वजा केले की कमाल ठोके मिळतात. म्हणजे चाळिशीच्या माणसाचा आकडा १८० आणि जोराच्या फेरीतला पल्ला १५३ ते १७१. ठोके मोजायची सोय नसली तरी ही पातळी ओळखता येते. भरभर चालताना सोबत्याशी गप्पा मारता येतात. जोराच्या फेरीत एखाददुसरा शब्दच कसाबसा तोंडातून निघतो.

मराठी मैदानाला हा प्रकार अगदीच अनोळखी नाही. कबड्डीतली चढाई फार तर ३० सेकंदांची असते. चढाईपटू तेवढ्यात सर्वस्व पणाला लावतो, मध्यरेषेपलीकडे परततो आणि पुढच्या चढाईपर्यंत दम सावरतो. तीव्र अंतराल व्यायामाने हीच आळीपाळ मोजूनमापून बांधून घेतली आहे.

नाव पडले ते उसंतीवरून

या व्यायामाला शास्त्रीय बैठक मिळाली ती १९३० च्या दशकात, जर्मनीतील फ्रायबुर्ग शहरात. धावपटूंचे प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर आणि हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट राइन्डेल यांनी मिळून एक शिस्त घालून दिली. धावपटूने छोटे अंतर इतक्या वेगात धावायचे की ठोके मिनिटाला १८० च्या आसपास जातील. मग ते १२० पर्यंत उतरेपर्यंत थांबायचे आणि पुन्हा धावायचे. उतरायला दीड मिनिटाहून जास्त वेळ लागला, तर भार जास्त झाला असे समजायचे. ‘इंटर्व्हल’ म्हणजे दोन धावांमधला अवकाश. हृदयाची खरी जडणघडण या अवकाशात होते, असे राइन्डेल यांचे मत होते. म्हणून व्यायामाला नाव मिळाले ते धावेवरून नव्हे, उसंतीवरून. गेर्शलर यांचा शिष्य रुडोल्फ हार्बिग याने १९३९ मध्ये मिलानला ८०० मीटर अंतर १ मिनिट ४६.६ सेकंदांत धावून विश्वविक्रम केला आणि तो १९५५ पर्यंत टिकला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदके जिंकणाऱ्या चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकचा सरावही ४०० मीटरच्या असंख्य फेऱ्यांवर उभा होता.

राइन्डेल यांचे मत आज जसेच्या तसे मानले जात नाही. जोराच्या फेरीत हृदयावर पडणारा भारही तेवढाच महत्त्वाचा ठरला आहे. पण उसंत नेमके काय साधते, हे स्टॉकहोममध्ये १९६० साली झालेल्या प्रयोगांनी लख्ख दाखवले. एका सरावलेल्या माणसाला सायकलच्या यंत्रावर ३५० वॅटचा जड भार दिला, तेव्हा सलग पेडल मारत तो सुमारे ९ मिनिटांत थकून थांबला. तोच भार ३० सेकंद काम आणि ३० सेकंद विश्रांती असा तोडून दिला, तेव्हा त्याने तासभर काम केले आणि तरीही त्याची दमछाक झाली नाही. तासात त्याने पेडल मारले ती मिनिटे भरली ३०. सलग प्रयत्नाच्या तिपटीहून अधिक. जो जोर सलग झेपत नाही, तो उसंत मध्ये घातली की कितीतरी जास्त वेळ झेपतो. या व्यायामाचे सारे मर्म इथे आहे.

पहिली तीस सेकंदे

एका जोराच्या फेरीत शरीरात काय घडते ते सेकंदासेकंदाने पाहण्यासारखे आहे. स्नायू आकसतो तो एटीपी नावाच्या रेणूतील ऊर्जेवर. हा साठा फारच तुटपुंजा असतो. नवा एटीपी तयार झाला नाही, तर जोराचा श्रम दोनतीन सेकंदांत संपेल. त्यामुळे शरीर तो तीन वाटांनी भरून काढते. पाण्याच्या टंचाईत घर जसे चालते, तसाच हा व्यवहार असतो. तांब्यातले पाणी संपले की आधी जवळचा हंडा, मग टाकी, आणि तोवर नळाला धार लागायची वाट.

हंडा म्हणजे क्रिएटिन फॉस्फेट. तो स्नायूतच असतो, क्षणात कामी येतो. पण पूर्ण जोरात दहाएक सेकंदांतच तळ गाठू लागतो. टाकी म्हणजे स्नायूत साठवलेली शर्करा, ग्लायकोजेन. ते ऑक्सिजनशिवाय झपाट्याने तोडले जाते आणि त्यातून एटीपी मिळतो. नळ म्हणजे ऑक्सिजनच्या साहाय्याने होणारे ज्वलन. ते सर्वांत काटकसरीचे आणि तासन्‌तास चालणारे. पण फुप्फुसे, हृदय आणि रक्तवाहिन्या यांची साखळी वेगात यायला वेळ लागतो, म्हणून त्याला पूर्ण धार लागायला दोनतीन मिनिटे जातात. पहिल्या तीस सेकंदांत मागणी शिगेला असते आणि नळ नुकता वाहू लागलेला असतो.

ग्लायकोजेन असे घाईने तुटताना लॅक्टेट तयार होते आणि स्नायूतील आम्लता वाढते. मांड्या भरून येतात, आत आग होते, पाय शिशाचे वाटू लागतात. रक्तातील लॅक्टेट स्वस्थ बसल्यावर लिटरमागे १ मिलिमोलच्या आसपास असते. अशा काही फेऱ्यांनंतर ते १० च्या वर जाते. लॅक्टेट म्हणजे स्नायूत साचणारा मळ, आणि दुसऱ्या दिवशी पाय दुखतात ते त्यामुळेच, ही समजूत फार पसरलेली आहे. ती चुकीची आहे. तासादोन तासांत लॅक्टेट पूर्वपदावर येते. ते इंधनच आहे. हृदय, इतर स्नायू आणि मेंदू ते वापरतात आणि यकृत त्यापासून पुन्हा ग्लुकोज बनवते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचे ठणकणे हे स्नायूतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजांमुळे असते.

कोणते स्नायूतंतू कामाला लागतात, हेही जोरावर ठरते. चेतासंस्था आधी बारीक, संथ आणि न थकणाऱ्या तंतूंना बोलावते. भार वाढला की मग जाड आणि वेगवान तंतूंना. रोजच्या चालण्यात वेगवान तंतूंपैकी बरेचसे स्वस्थ पडून असतात. जोराची फेरी त्यांनाही उठवते. हळू व्यायाम ज्या तंतूंपर्यंत पोहोचायला खूप वेळ घेतो, त्यांच्यापर्यंत ही फेरी काही सेकंदांत पोहोचते.

इकडे हृदयाला आवर घालणारी व्हेगस चेता लगाम सैल करते आणि ठोके उसळी घेतात. पाठोपाठ अॅड्रेनलिन रक्तात उतरते. विश्रांतीत हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फेकते. कमाल श्रमात निरोगी तरुणाचे हृदय २० लिटरपर्यंत जाते, कसलेल्या खेळाडूचे त्याहून पुढे. विश्रांतीत स्नायूंच्या वाट्याला त्यातला पाचवा हिस्साही येत नाही, आता ८० टक्के किंवा अधिक येतो. तेवढ्यासाठी आतडी आणि मूत्रपिंड यांच्याकडचा प्रवाह आखडता घेतला जातो. भरल्या पोटी असा व्यायाम केल्यास मळमळते त्याचे हे एक कारण. श्वासातून मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा आत-बाहेर होत असते, ती १०० लिटरच्या पुढे जाते.

उसंतीत काय चालते

फेरी संपली, पाय थांबले, तरी धाप थांबत नाही. शरीर आता मघाची उसनवारी फेडत असते. क्रिएटिन फॉस्फेटचा हंडा ऑक्सिजनच्याच जोरावर पुन्हा भरतो. तो अर्धा भरायला साधारण अर्धे मिनिट लागते आणि काठोकाठ भरायला तीन ते पाच मिनिटे. म्हणून उसंतीची लांबी हा व्यायामाच्या रचनेतला कळीचा आकडा आहे. चार मिनिटे थांबले तर पुढची फेरी जवळजवळ पहिल्याइतकी जोरदार होते. दहा सेकंदच थांबले तर हंडा रिकामाच असतो आणि सारा ताण उरलेल्या दोन वाटांवर येतो.

दुसरी, तिसरी फेरी पहिलीसारखी नसते. ग्लायकोजेन तोडण्याचा वेग आम्लतेने मंदावलेला असतो, पण फुप्फुसे आणि हृदय मात्र आता तापलेली असतात. उसंतीतही ती पूर्ण शांत झालेली नसतात. त्यामुळे फेरीगणिक ऑक्सिजनवर चालणाऱ्या ज्वलनाचा वाटा वाढत जातो. वरवर पाहता हा शंभर मीटरच्या धावपटूचा सराव वाटतो, पण त्याने दमसास वाढतो, त्याचा उलगडा इथे होतो.

काही तासांत, काही आठवड्यांत

फेऱ्या संपल्यावर पेशींमध्ये दुसरे काम सुरू होते. एटीपी भराभर खर्च झाला, ही टंचाई पेशीतील एएमपीके हे विकर ओळखते. आकसताना स्नायूत वाढलेले कॅल्शियमही तीच वर्दी देते. या संकेतांनी पुढच्या काही तासांत पीजीसी-१ अल्फा नावाचे नियंत्रक प्रथिन जागे होते आणि त्याच्या हुकमावरून पेशी नव्या तंतुकणिका उभारू लागते. तंतुकणिका म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणारे पेशीतले कारखाने. कारखाने वाढले की तोच जिना चढताना ग्लायकोजेन कमी तुटते, लॅक्टेट कमी साचते आणि मेद जास्त जळतो.

कॅनडातील हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात मार्टिन गिबाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे किती लवकर होते ते २००५ मध्ये दाखवले. आठ तरुणांनी दोन आठवड्यांत सहा वेळा व्यायाम केला. प्रत्येक वेळी सायकलवर ३० सेकंदांच्या ४ ते ७ जीवतोड फेऱ्या, मध्ये ४ मिनिटांची उसंत. जोराच्या सगळ्या सेकंदांची बेरीज पंधरा-सोळा मिनिटांच्या आसपास. ठरावीक जड भारावर ते आधी सरासरी २६ मिनिटे टिकत होते. नंतर ५१ मिनिटे टिकले. तंतुकणिकांचे प्रमाण दर्शवणारे सायट्रेट सिंथेज हे विकर ३८ टक्क्यांनी वाढले होते. २०१६ मध्ये याच गटाने बैठ्या पुरुषांवर १२ आठवड्यांचा प्रयोग केला. एका गटाने दर वेळी ४५ मिनिटे मध्यम वेगाने सायकल चालवली. दुसऱ्याने दहा मिनिटांच्या व्यायामात २० सेकंदांच्या फक्त तीन फेऱ्या जोराने केल्या. दोन्ही गटांची कमाल ऑक्सिजन-ग्रहणक्षमता सारखीच, सुमारे १९ टक्क्यांनी वाढली.

ही क्षमता, म्हणजे खेळाडूंच्या बोलण्यातली ‘व्हीओटू मॅक्स’, दर मिनिटाला किलोमागे किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरता येतो त्यावर मोजतात. जपानचे इझुमी ताबाता यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २० सेकंद जोर आणि १० सेकंद उसंत अशा सातआठ फेऱ्या, आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे घेतल्या. ग्रहणक्षमता ७ मिलिलिटरने वाढली आणि ऑक्सिजनविना श्रम करण्याची ताकद २८ टक्क्यांनी. तेवढेच दिवस तासभर मध्यम व्यायाम करणाऱ्या गटात पहिली वाढ ५ मिलिलिटर होती. दुसरीत फरक पडला नाही. ही पद्धत जपानच्या स्पीड स्केटिंग संघाचे प्रशिक्षक वापरत होते. ताबातांनी ती मोजून पाहिली आणि तिला त्यांचे नाव चिकटले.

हृदयात होणारे बदल थोडे सावकाश येतात. सर्वांत आधी, दोनएक दिवसांतच, रक्तातील द्रवभाग वाढतो. रक्त वाढले की हृदयाचा डावा खालचा कप्पा अधिक भरतो, अधिक ताणला जातो आणि एका ठोक्यात जास्त रक्त फेकतो. पुढच्या आठवड्यांत कप्प्याची क्षमताच वाढते. नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम इथे ४ मिनिटांच्या ४ फेऱ्या आणि मध्ये ३ मिनिटे हलकी हालचाल अशी पद्धत तपासली गेली. २००७ च्या अभ्यासात आठ आठवड्यांनंतर एका ठोक्यामागचे रक्त सुमारे १० टक्क्यांनी वाढलेले आढळले. तेवढेच एकूण श्रम मध्यम वेगाने करणाऱ्यांत ते वाढले नव्हते. तंतुकणिकांना छोट्या जीवतोड फेऱ्या पुरतात. हृदयाला मात्र लांब, मिनिटांत मोजायच्या फेऱ्या अधिक मानवतात.

रक्तवाहिन्यांचे अस्तरही या वेगवान प्रवाहाला प्रतिसाद देते. रक्त जोरात घासत गेले की अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडते, वाहिनी सैलावते आणि नियमित सरावाने तिची लवचीकता सुधारते.

साखरेचा हिशेब

मधुमेहाने घेरलेल्या समाजासाठी या व्यायामाचा सर्वांत मोलाचा परिणाम रक्तशर्करेवर आहे. जोराच्या फेऱ्यांनी रिकामे झालेले ग्लायकोजेनचे कोठार पुन्हा भरायला स्नायू रक्तातून ग्लुकोज ओढून घेतात. त्यासाठी पेशीच्या पृष्ठभागावर ग्लूट-४ नावाचे वाहक यावे लागतात. एरवी ते इन्सुलिनच्या सांगण्यावरून येतात. आकसणारा स्नायू त्यांना इन्सुलिनशिवायही बोलावून घेतो. मॅकमास्टरमध्ये २०११ मध्ये टाइप-२ मधुमेहाच्या रुग्णांच्या छोट्या गटाने दोन आठवड्यांत सहा वेळा, एकेका मिनिटाच्या दहा फेऱ्या केल्या. त्यांची चोवीस तासांची सरासरी रक्तशर्करा १३७ वरून ११९ मिलिग्रॅमवर आली. अॅड्रेनलिनमुळे जोराच्या व्यायामानंतर लगेच काही जणांची साखर थोडा वेळ चढलेली दिसते. तिला घाबरून व्यायाम सोडू नये. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणारी औषधे घेणाऱ्यांनी मात्र नंतरच्या काही तासांत ती फार खाली तर जात नाही ना, हे तपासत राहावे.

काय साधत नाही

या व्यायामाभोवती अवास्तव दावेही फिरतात. व्यायाम संपल्यावरही तासन्‌तास मेद जळत राहतो, ही जाहिरातबाजी त्यांतली पहिली. श्रमानंतर ऑक्सिजनचा खप काही काळ वाढलेला राहतो हे खरे, पण त्यात खर्च होणारी ऊर्जा व्यायामातल्या खर्चाच्या मानाने थोडीच असते. वजन आणि चरबी घटवण्यात हा व्यायाम आणि मध्यम वेगाचा सलग व्यायाम जवळपास सारखेच ठरले आहेत. अंतराल व्यायाम वेळ वाचवतो. ताटातल्या वाढीव घासांची भरपाई करत नाही.

जास्त केला म्हणून जास्त फायदा, हेही खरे नाही. स्टॉकहोममध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांचा तीव्र व्यायाम दर आठवड्याला वाढवत नेला. तो आठवड्याला सुमारे १५० मिनिटांवर पोहोचला, तेव्हा त्यांच्या तंतुकणिकांचे काम मंदावले आणि ग्लुकोज हाताळण्याची क्षमताही ढासळली. पुढे व्यायाम कमी केल्यावर त्यांत बरीच सुधारणा झाली. फेऱ्यांमधली उसंत जशी हवी, तशीच दिवसांमधलीही हवी. कारखान्यांची उभारणी विश्रांतीच्या दिवशी होते. व्यायामाच्या दिवशी फक्त हुकूम निघतो.

हृदयरोगी आणि धोका

हृदय निकामी होऊ लागलेल्या, सरासरी ७५ वर्षांच्या २७ रुग्णांवर ट्रॉन्डहाइममध्ये २००७ साली ४ मिनिटांच्या फेऱ्यांची पद्धत वापरली गेली. १२ आठवड्यांत अंतराल गटाची ऑक्सिजन-ग्रहणक्षमता ४६ टक्क्यांनी वाढली, मध्यम गटाची १४ टक्क्यांनी. या निकालाने मोठी आशा निर्माण केली. पण २०१७ मध्ये युरोपातील अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या मोठ्या चाचणीत दोन पद्धतींमध्ये तसा फरक दिसला नाही.

सुरक्षिततेचा अंदाज नॉर्वेतील हृदयरुग्ण पुनर्वसन केंद्रांच्या २०१२ च्या आकड्यांवरून येतो. ४,८४६ रुग्णांच्या मध्यम व्यायामाच्या १,२९,४५६ तासांत हृदय बंद पडण्याची एक घटना घडली आणि ती जीवघेणी ठरली. तीव्र व्यायामाच्या ४६,३६४ तासांत अशा दोन घटना घडल्या. दोन्ही रुग्ण वाचले. धोका दोन्हींत अगदी कमी आहे, पण हे सारे रुग्ण तपासलेले आणि देखरेखीखाली होते, हे विसरता येत नाही. छातीत दुखणे, चक्कर, हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा दीर्घकाळचा मधुमेह असणाऱ्यांनी, तसेच वर्षानुवर्षे बैठे राहिलेल्या चाळिशीपुढच्यांनी आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. सवय नसताना पहिल्याच दिवशी अतिरेक केला, तर क्वचित स्नायू मोठ्या प्रमाणावर फुटतात आणि त्यांतील प्रथिन मूत्रपिंडांना इजा करते. अंग सुजून प्रचंड दुखणे आणि काळ्या चहासारखी लघवी होणे ही त्याची खूण. अशा वेळी थेट रुग्णालय गाठावे.

सुरुवात आणि प्रगतीची खूण

सुरुवातीचे तीनचार आठवडे नियमित भरभर चालण्यात घालवावेत. त्यानंतर चालतानाच एक मिनिट चढ किंवा वेग आणि दोन मिनिटे सावकाश, अशा चारपाच फेऱ्या पुरेशा आहेत. आधी पाच-दहा मिनिटे अंग तापवणे आणि शेवटी तेवढेच सावकाश चालत उतरणे आवश्यक असते; एकदम थांबल्यास रक्त पायांत साचून भोवळ येते. आठवड्यातून दोन, फार तर तीन दिवस, आणि तेही सलग नकोत. वेळ नसणाऱ्यांना जिनाही पुरतो. २०१९ मधील मॅकमास्टरच्याच एका अभ्यासात बैठ्या तरुणांनी आठवड्यातून तीन दिवस, दिवसातून तीन वेळा, तासांच्या अंतराने ६० पायऱ्या झपाट्याने चढल्या. सहा आठवड्यांत त्यांची ग्रहणक्षमता थोडी, पण मोजता येईल इतकी वाढली.

शरीराने व्यायाम स्वीकारला की नाही, हे मनगटावर दोन बोटे ठेवून कळते. फेरी संपताच ठोके मोजावेत आणि एका मिनिटाने पुन्हा मोजावेत. अमेरिकेतील क्लीव्हलँड इथे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, श्रम थांबल्यावर पहिल्या मिनिटात ज्यांचे ठोके १२ किंवा त्याहून कमीच उतरले, त्यांच्यात पुढील वर्षांतील मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले. सरावाने व्हेगस चेता आपला लगाम लवकर आवळू लागते. आधी मिनिटात १५ ने उतरणारे ठोके काही आठवड्यांनी २५ ने उतरू लागले, तर हृदय बळावले आहे असे समजावे. ठोके नेहमीपेक्षा रेंगाळत उतरू लागले, झोप बिघडली किंवा सकाळी उठल्याउठल्या नाडी जलद लागू लागली, तर तो दिवस विश्रांतीचा.